विश्लेषण : संस्था की सदसद्विवेक? पंडिता रमाबाईंनी नेतृत्वाचे पेच कसे सोडवले?

पुण्यातील शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून १८९३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर बाहेर पडले. पाठोपाठ पालकांनी २०हून अधिक मुलींना सदनातून काढून नेले. बालविधवांसाठी उभी राहिलेली ही शाळा बंद पडते की काय, अशी वेळ आली. वाद होता एका दाराचा. संस्थेच्या प्रमुख पंडिता रमाबाई आपल्या खोलीत ख्रिस्ती प्रार्थना करत तेव्हा ते दार उघडे असे. ते बंद केले असते तर वाद बहुधा शमला असता. रमाबाईंनी ते उघडेच ठेवले. हा हट्ट होता की शहाणपण? श्रद्धा, दिलेला शब्द आणि आश्रितांचे हित यांची ओढाताण होते तेव्हा नेत्याने निर्णय कसा घ्यावा? या प्रश्नाचे एक उत्तर रमाबाईंच्या आयुष्यात सापडते. त्यांच्या निर्णयांचा हा मागोवा.

पंडिता रमाबाई कोण होत्या?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे, आजच्या कर्नाटकाच्या हद्दीत, झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये, असे मानले जाण्याच्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ती भाषा शिकवली, समाजाचा विरोध ओढवून घेतला आणि रानात आश्रम थाटला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर फिरले. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आईने. मोठ्या मुलीचा लहानपणी करून दिलेला विवाह दुःखद ठरल्याने आईवडिलांनी रमाबाईंचे लग्न लवकर केले नाही.

१८७०च्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेले. उरलेली भावंडे, श्रीनिवास आणि रमा, उपाशीतापाशी पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. कन्या मनोरमा १८८१ मध्ये जन्मली. १८८२च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने पती गेले. २३ वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी आणि मागे कोणीही नाही, अशा स्थितीत त्या पुण्यात आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींसाठी स्त्री शिक्षिका तयार कराव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, या त्यांच्या मागण्या होत्या. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्यांनी इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला आणि १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने रवाना झाल्या.

ख्रिस्ती धर्म त्यांनी का स्वीकारला?

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे उतरल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्याने डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. मात्र तेथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनी एक आश्रयगृह चालवत. समाजाने ‘पतित’ ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे सांभाळले जाई, काम शिकवले जाई, पुन्हा उभे केले जाई. त्या स्त्रियांशी भगिनी तुच्छतेने वागत नव्हत्या. हे असे का, याचा शोध घेताना रमाबाईंना योहानाच्या शुभवर्तमानातील शमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, लोकांनी नाक मुरडावे अशा बाईशी येशू मानाने बोलतो, ही ती कथा. तिचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला.

दुसरा प्रभाव फादर नेहेम्या गोरे यांचा. हे मूळचे नीळकंठशास्त्री गोरे. रमाबाईंप्रमाणेच चित्पावन घराण्यातील आणि शास्त्रांचे जाणकार. त्यांच्याशी झालेल्या तात्त्विक पत्रव्यवहाराने रमाबाईंच्या शंका बऱ्याच अंशी फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात या बातमीने खळबळ उडाली. ज्या पुण्याने त्यांच्या विद्वत्तेचे कौतुक केले होते, त्याच पुण्यातील अनेकांना हा विश्वासघात वाटला.

धर्मांतरानंतर चर्चशीही संघर्ष का झाला?

नव्या धर्मात आलेल्या व्यक्तीने वडीलधाऱ्यांचे ऐकावे, अशी वाँटेजच्या भगिनींची अपेक्षा होती. रमाबाईंच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना त्यांच्या वागण्यात गर्व दिसे. रमाबाईंची भूमिका वेगळी होती. आपण ख्रिस्ताचे अनुयायी झालो आहोत, कोणा बिशपचे नव्हे, असे त्या मानत. त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल त्यांनी अडचणीचे प्रश्न विचारले. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या देशाची संस्कृत का नको, असाही त्यांचा सवाल होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही.

चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावरून वाद झाला. भारतात काम केलेल्या बिशपांचे मत होते की, त्यामुळे मायदेशी त्यांची प्रतिष्ठा जाईल. आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिली आहेत, मग येथे बंदी कसली, हा रमाबाईंचा प्रतिवाद होता. महाविद्यालयाच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी त्यांना बरेच समजून घेतले. हा सारा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवला आणि तो १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातून दिसते ते असे : रमाबाई सल्ला ऐकत, त्यावर सविस्तर उत्तर देत, पण निर्णयाचा अधिकार दुसऱ्याच्या हाती देत नसत.

ख्रिस्ती परंपरेत शहाणपण ही मागून घेण्याची गोष्ट मानली आहे. शलमोन राजा देवाकडे संपत्ती मागत नाही, बरेवाईट ओळखण्याची बुद्धी मागतो, ही बायबलमधील कथा नेतृत्वाविषयी बोलताना नेहमी सांगितली जाते. रमाबाईंनी त्यातून काढलेला अर्थ स्वतंत्र होता. ही बुद्धी धर्मगुरूकडून तयार मिळत नाही. शास्त्र स्वतः वाचावे, प्रार्थना करावी, विवेकाला विचारावे आणि परिणामांची जबाबदारी स्वतः घ्यावी, असा तो अर्थ.

अमेरिकेत कोणते वचन दिले गेले?

आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळणार होती. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि जवळपास तीन वर्षे तेथेच राहिल्या. गावोगाव व्याख्याने दिली, बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकून घेतली. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील पुस्तक १८८७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले. १८८७च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. भारतात विधवांसाठी शाळा काढायची आणि तिचा खर्च दहा वर्षे अमेरिकेतून करायचा, असे ठरले.

येथे त्यांनी घेतलेला निर्णय पुढील सगळ्या घटनांचे मूळ आहे. स्वतः ख्रिस्ती असूनही शाळा धर्मप्रसारासाठी चालवायची नाही, हे त्यांनी मान्य केले. हिंदू विधवा घराबाहेर पडायची तर तिच्या जातीचे नियम, तिचे उपासतापास, तिचे सोवळेओवळे सांभाळले गेले पाहिजे. नाहीतर ती येणारच नाही. त्यामुळे शाळेत धार्मिक शिक्षण सक्तीचे नसेल आणि कोणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, हे ठरले. मिशनऱ्यांच्या एका गटाला ही पडती बाजू वाटली. रमाबाईंच्या लेखी मुलगी शाळेत येणे पहिले होते.

शारदा सदनाचा वाद नेमका काय होता?

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक सुरू झाले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या दोन. त्यांतील एक बालविधवा गोदूबाई. याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे होती. खर्च कमी यावा म्हणून १८९०च्या अखेरीस सदन पुण्याला हलवण्यात आले.

सदनात मुलींना स्वतंत्र स्वयंपाक, आपापली पूजाअर्चा, व्रते यांची मोकळीक होती. विधवांच्या डोक्यावर पुन्हा केस वाढू लागले, त्या शिकू लागल्या, अंगणात खेळू लागल्या. रमाबाई मात्र सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह बायबल वाचत, प्रार्थना करत. दार उघडे असे. काही मुली कुतूहलाने आत येऊन बसू लागल्या. त्यांना कोणी बोलावत नव्हते आणि कोणी हाकलतही नव्हते.

बातमी बाहेर गेली. ‘केसरी’तून टीकेची झोड उठली. विधवांच्या शिक्षणाच्या नावाखाली धर्मांतराचा कारखाना चालला आहे, असा आरोपांचा सूर होता. सल्लागारांनी तडजोडीचे मार्ग सुचवले. मुलींना त्या प्रार्थनेपासून दूर ठेवावे, पालकांच्या लेखी परवानगीखेरीज आत येऊ देऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. रमाबाईंनी नकार दिला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी संबंध तोडले आणि मुलींची गळती सुरू झाली.

रमाबाईंचा युक्तिवाद असा होता. कोणावर सक्ती करणार नाही, हा शब्द दिला आहे आणि तो पाळला आहे. पण स्वतःच्या घरात स्वतःचा धर्म चोरून पाळेन, असा शब्द दिलेला नाही. हिंदू मुलीला तुळशीला पाणी घालण्यापासून अडवणार नाही, तसे तिला प्रार्थना ऐकण्यापासूनही अडवणार नाही. स्वातंत्र्य द्यायचे तर दोन्ही बाजूंनी. अमेरिकेतील असोसिएशनने त्यांच्यावरील विश्वास कायम ठेवला. सदन टिकले, पण पुण्याच्या सुधारक वर्गाचा पाठिंबा कायमचा गेला.

टीकाकारांचे म्हणणे पूर्ण चुकीचे होते का?

नाही. रानडे आणि भांडारकर हे धर्माभिमानी कर्मठ नव्हते. दोघांनीही विधवांच्या शिक्षणासाठी टीका सोसली होती. त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. निवासी शाळेतील मुलगी सर्वस्वी संस्थाप्रमुखावर अवलंबून असते. जेवण, कपडे, मायेचा शब्द, सारे एकाच हातून येते. त्या प्रमुखाने काही न सांगताही तिचा कल मुलीवर उमटतो. कायद्याच्या भाषेत सक्ती झाली नाही, म्हणून प्रभाव पडला नाही, असे होत नाही. सदनातील काही मुलींनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ही वस्तुस्थिती आहे.

तडजोड नाकारण्याची किंमतही मोठी होती. पालकांनी परत नेलेल्या मुलींपैकी अनेकींच्या वाट्याला पुन्हा तेच घर आणि तोच कोपरा आला असणार. हे ओझे रमाबाईंच्या निर्णयावर राहते. दुसरीकडे, याच अनुभवातून धडा घेऊन कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. हिंदू समाजाचा विश्वास टिकवून ते काम वाढले आणि त्याचे रोप शारदा सदनातील पहिल्या विद्यार्थिनीच्या घरातच रुजले होते.

दुष्काळातील निर्णय निर्णायक का ठरला?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंच्या हाती होती मर्यादित रक्कम, पन्नासएक मुलींना पुरेल एवढी संस्था आणि मुदत संपत आलेली मदत. दुष्काळी भागातील मुली आणायच्या म्हणजे सगळेच धोक्यात घालायचे. पण त्यांना स्वतःच्या तरुणपणीचा दुष्काळ आठवत होता. मदतकेंद्रांवर निराधार मुली आणि तरुण विधवांना गिऱ्हाईक मानणारे दलाल फिरत असतात, हेही त्यांना कळले होते.

त्यांनी आधी स्वतः जाऊन पाहणी केली. परतल्यावर सुमारे ३०० मुली व स्त्रियांना आश्रय देण्याचे ठरवले. हा निर्णय भावनेच्या भरात घेतल्यासारखा दिसतो. पण त्यामागे एक जुना, कोरडा वाटणारा निर्णय होता. संस्थेला कायम परदेशी देणग्यांवर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून रमाबाईंनी पुण्यापासून रेल्वेमार्गावर असलेल्या केडगाव येथे आधीच सुमारे १०० एकर जमीन घेऊन ठेवली होती. तेथे विहिरी खोदल्या होत्या, फळबागेची तयारी चालू होती. दुष्काळात पाणी असलेली जमीन हाताशी होती, म्हणून ३०० जीव सामावले गेले.

आलेल्या मुलींत विविध जातींच्या मुली होत्या. कित्येकींना खरूज, उवा, जखमा होत्या. अनेकींना ताटात वाढलेले अन्न लपवून ठेवण्याची सवय लागलेली होती. शारदा सदनातील जुन्या विद्यार्थिनी त्यांना न्हाऊ घालू लागल्या, शिकवू लागल्या. उच्चवर्णीय विधवांसाठी काढलेल्या शाळेचे रूप येथे बदलले. जातीचा प्रश्न भाषणाने सुटला नाही, तो एकाच पंगतीला बसण्याने मागे पडला.

प्लेगच्या काळात सरकारशी वाद का झाला?

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. शहरात आणखी माणसे आणण्यास प्रशासनाने मनाई केली. दुष्काळग्रस्त मुलींना केडगावला हलवावे लागले, प्रारंभी तंबूत आणि झोपड्यांत. याच सुमारास सदनातील एका मुलीला सरकारी प्लेग रुग्णालयात नेण्यात आले होते. तेथील स्त्रियांच्या असुरक्षिततेबद्दल आणि त्या मुलीच्या बाबतीत झालेल्या हलगर्जीपणाबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या नियतकालिकात उघडपणे लिहिले.

गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने त्यांचे म्हणणे फेटाळले. हे पाऊल धोक्याचे होते. परवानग्यांसाठी संस्था सरकारवर अवलंबून होती. राज्यकर्ते रमाबाईंच्याच धर्माचे होते आणि पुण्यात त्यांना आधीच सरकारच्या बाजूचे समजले जात होते. गप्प राहणे सोयीचे होते. पण ज्या मुलीची जबाबदारी घेतली तिच्याबद्दल बोलणारे दुसरे कोणी नव्हते. शारदा सदनाच्या वादात त्यांनी हिंदू समाजाचा रोष पत्करला, वाँटेजमध्ये चर्चचा, येथे सरकारचा. तिन्ही वेळा समोरचा पक्ष बदलला, निकष बदलला नाही.

दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय झाले?

१८९८ मध्ये अमेरिकेतील असोसिएशनने मान्य केलेली दहा वर्षे पूर्ण झाली. रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, हिशेब दिला. जुनी असोसिएशन विसर्जित होऊन नवी स्थापन झाली. महत्त्वाची गोष्ट म्हणजे, सक्ती न करण्याच्या जुन्या कराराची मुदत पूर्ण होईपर्यंत त्यांनी शारदा सदनाला मिशन म्हटले नाही. केडगावचे नवे केंद्र, मुक्ती सदन, मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभे राहिले. येणाऱ्याला आधीच माहीत असावे की हे घर कोणाचे आहे, हा सरळ मार्ग त्यांनी निवडला.

निधीबाबत त्यांनी आणखी धाडसी वाट धरली. इंग्लंडमधील जॉर्ज म्युलर यांच्या अनाथालयाचे उदाहरण त्यांनी वाचले होते. ठरावीक हमी न घेता प्रार्थनेवर आणि येईल त्या मदतीवर विसंबून काम चालवायचे, अशी ती पद्धत. पण विसंबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. केडगावात शेती, दुभती जनावरे, विणकाम, शिवण, तेलघाणी, छपाई असे उद्योग सुरू झाले. प्रत्येक मुलीने लिहावाचायला शिकावे आणि एखादे काम हाती घ्यावे, असा दंडक होता. १९०० मध्ये गुजरात, राजपुताना भागात दुष्काळ पडला तेव्हा त्यांचे मदतनीस तेथे गेले आणि मुक्तीतील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली.

‘कृपा सदन’ हा निर्णय वेगळा का?

मुक्तीच्या आवारात हळूहळू वेगवेगळी घरे उभी राहिली. वृद्धांसाठी प्रीती सदन, मुलांसाठी सदानंद सदन, अंध मुलींसाठी वेगळी सोय. मनोरमेने ब्रेल शिकून त्या मुलींना वाचायला शिकवले. १८९९च्या सुमारास सुरू झालेले कृपा सदन हे फसवल्या गेलेल्या, वेश्याव्यवसायात ढकलल्या गेलेल्या आणि समाजाने दार बंद केलेल्या स्त्रियांसाठी होते.

हे घर सुरू केल्यास इतर मुलींच्या नावाला बट्टा लागेल, देणगीदार बिचकतील, ही भीती खरी होती. पण १८८३ मध्ये फुलहॅमला पाहिलेले काम आणि शमरोनी स्त्रीची कथा रमाबाईंच्या श्रद्धेचा पाया होती. ज्या कारणासाठी धर्म बदलला, तेच काम सोयीसाठी टाळले असते तर बाकीच्या निर्णयांना अर्थ उरला नसता. १६ वर्षांपूर्वी जे पटले होते, त्याची ही अंमलबजावणी होती.

त्यांच्या निर्णयपद्धतीतून काय दिसते?

रमाबाईंनी नेतृत्वाचे सिद्धांत मांडले नाहीत. पण निर्णय एकापुढे एक ठेवले तर एक रीत दिसते.

• आधी पाहणे, मग ठरवणे. फुलहॅम असो वा मध्य प्रांत, त्या स्वतः गेल्या आणि मग पाऊल उचलले.

• शब्दाची मर्यादा नेमकी ठरवणे. कशाचे वचन दिले आणि कशाचे नाही, हे त्यांना स्पष्ट होते. दिलेला शब्द पाळला, न दिलेल्या शब्दाचे ओझे घेतले नाही.

• सल्ला ऐकणे, पण निर्णय न सोपवणे. भगिनीसंघ, सल्लागार मंडळ, असोसिएशन, सर्वांना त्यांनी उत्तरे दिली, हिशेब दिले.

• संकटाआधी तयारी करणे. केडगावच्या विहिरी दुष्काळ पडण्यापूर्वी खोदल्या गेल्या.

• परिणाम कोण भोगणार, हे पाहणे. निधी, प्रतिष्ठा, मोठ्यांची मर्जी यांपैकी काय गमवायचे याला त्यांची तयारी असे. आश्रयाला आलेली मुलगी गमवायची वेळ आली की त्या अडून बसत. १८९३ चा निर्णय अवघड आहे तो यामुळेच. तेथे स्वतःचा विवेक आणि मुलींचे हित एका बाजूला राहिले नाहीत.

मर्यादा कोणत्या होत्या?

मुक्ती उघडपणे ख्रिस्ती झाल्यावर महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय समाज आणि रमाबाई यांच्यातील अंतर वाढत गेले. १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला गेलेल्या मोजक्या स्त्रियांत त्या होत्या. पुढे सार्वजनिक चर्चेत त्यांचे नाव क्वचित येऊ लागले. १९०५ मध्ये मुक्तीत झालेल्या धार्मिक जागृतीने, शेकडो मुलींच्या सामूहिक प्रार्थनांनी, जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळात केडगावचे नाव झाले, पण घरच्या टीकाकारांचा संशय दृढ झाला.

दुसरी मर्यादा उत्तराधिकाराची. सारी घडी एका व्यक्तीभोवती बसली होती आणि पुढची जबाबदारी मनोरमेकडे जाणार, असे धरून चालले होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. आईच्या हयातीतच वारस गेली.

अखेरची वर्षे कशी होती?

आयुष्याची शेवटची सुमारे १८ वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील बाईला ते समजत नाही, असे त्यांचे मत होते. मोठी पंडिता, पण तिने साधी भाषा निवडली. अनेक जाणकारांना हे भाषांतर मुळाला फार चिकटलेले आणि ओबडधोबड वाटले. पण त्याचे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या मुक्तीच्याच बाया-मुली होत्या. ज्यांतील अनेकींना दुष्काळातून उचलून आणले तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हते.

सरकारने १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. कन्येच्या मृत्यूनंतरही त्या मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. केडगावची संस्था पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने आजही सुरू असून, निराधार स्त्रिया आणि मुले तेथे आश्रयाला येतात.